मळक्या कडांच्या रत्नमालाबाई

आमच्या पुंडलिकनगरात अशी बोलवा आहे की वाचनालयातल्या रत्नमालाबाई चांगली, कोरी करकरीत पुस्तकं बकऱ्यांना खाऊ घालतात आणि फाटकी-मळकी तेवढी लोखंडी कपाटात कुलूप लावून ठेवतात. ही बातमी मी बऱ्याच तोंडांतून ऐकली आहे आणि प्रत्येक तोंडाची नक्कल मला येते. किराणावाले साहेबराव साखर मोजता मोजता मान पुढे काढून कुजबुजतात, "पुस्तकं... बकरीला... डोळ्यांदेखत!" आणि मग स्वतःच दाराकडे बघतात, जणू बकरी आता साखरेला येणार. आमच्या समोरच्या काकूंचं वेगळं. त्या आधी हात झटकतात. "मी नाही हं म्हणत. लोक म्हणतात. मी फक्त सांगते."

तर खरं काय ते ऐका. बकरी एकच होती. तिनं खाल्लं ते पुस्तक नव्हतं, एक जुनं मासिक होतं, आणि तेही रद्दीच्या गठ्ठ्यात पायरीवर पडलेलं. शिवाय तिनं अर्धाच अंक खाल्ला. संपादकीय आलं तशी तोंड फिरवून निघून गेली. ती बकरी कुणाची, हे आजतागायत कळलेलं नाही. तरी तिचं नाव बाईंशीच का जोडलं गेलं, हे कुणी उघड बोलत नाही. बाई धनगराच्या, एवढंच कारण. ही बोलवा बाईंच्या कानावर गेली तेव्हा त्या चिडल्या, पण भलत्याच गोष्टीवर.

"बकऱ्या? आमच्याकडं मेंढरं होती, मेंढरं! ज्याला मेंढरू अन् बकरी वेगळी कळंना, त्यानं अफवा तरी कशाला पसरवावी?"

बोलवेतला दुसरा भाग मात्र शंभर टक्के खरा आहे. मळकी पुस्तकं कपाटात आणि कोरी रद्दीत, हाच बाईंचा कायदा. तो मला कसा कळला, ते सांगते.

गेल्या उन्हाळ्यात मी बारावीच्या अभ्यासासाठी वाचनालयाच्या अभ्यासिकेत जाऊन बसत असे. अभ्यासिका म्हणजे बाईंच्या टेबलामागची खोली, मधे प्लायवूडची भिंत. तिथं कूलर होता. पण जायकवाडी तळाला गेलेलं, नळ आठवड्यानं यायचा, त्यामुळे कूलरमध्ये पाणी घालायला बंदी होती. तो नुसता गरम हवा फेकायचा आणि आवाज करायचा. त्या आवाजात अभ्यास होत नसे, पण प्लायवूडच्या पलीकडचं सगळं ऐकू येत असे. मला तेवढं पुरे होतं.

बाईंकडे दोन मराठी आहेत. एक काउंटरची. ती चष्मा नाकावर आल्याशिवाय निघत नाही. "आपले कार्ड दाखवावे. मुदत संपलेली आहे. कृपया शांतता राखावी." दुसरी पडेगावची. ती चष्मा काढला की निघते. "काय गं चारुते, आलीस व्हय? लई अभ्यास झाला वाटतं, तोंड सुकलंय पार." मी दोन्ही करते. चष्म्याशिवायची जास्त चांगली होते, असं अभ्यासिकेचं मत आहे. एकदा मी ती करत असताना सगळी पोरं अचानक पुस्तकात बघायला लागली. मागे बाई उभ्या. मला वाटलं, आता कार्ड गेलं. बाई म्हणाल्या, "'व्हय' जरा लांब झालं. आम्ही येवढं लांबवत नाय." आणि गेल्या.

तर कायदा. पुस्तक बांधणीला पाठवायचं की रद्दीत काढायचं, हे ठरवताना बाई ते उघडतच नाहीत. मिटून खिडकीपाशी धरतात आणि ज्या बाजूनं आपण पानं उलटतो ती कड बघतात. माणसाच्या बोटाला घाम असतो, तेल असतं, भेळ असते. ते सगळं कडेवर उतरतं.

"ही बघ," एक जाडजूड कादंबरी उजेडात धरून बाई म्हणाल्या. "सुरुवातीला बोटभर काळं, पुढं पांढरंफेक. म्हंजे समद्यांनी इथंच सोडलं. लेखक चांगला माणूस असंल, पुस्तक नाय." ती रद्दीत. दुसरं पुस्तक या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखं चहाच्या रंगाचं. "हे लोकांनी शेवटाला नेलंय." ते बांधणीला. तिसऱ्याच्या मधोमध एकच काळी रेघ होती. बाईंनी ते झटकन बाजूला ठेवलं. "ते तुझ्या वयाचं नाय." त्या पाणी प्यायला गेल्या तेव्हा मी अर्थातच ते उघडलं. घरगुती औषधांचं पुस्तक होतं, आणि पान टकलावरच्या उपायांचं.

कड बघून झाली की कोपरा. पानाचा कोपरा इकडून तिकडे दुमडून बघायचा. तुटला तर कागदाला सुई सोसणार नाही. अशा पुस्तकाला टाके घालायचे नाहीत, जाड कागदाच्या पाकिटात निजवायचं. आणि शेवटी फोन. हे पुस्तक गावात आणखी कुठे आहे का, हे बाई दुसऱ्या वाचनालयांना विचारतात. विचारण्याची पद्धत अशी: "हॅलो, तुमच्याकडं जिवंत आहे का हो? नाय? कधी गेलं? अरेरे. पाठ गेली होती म्हणा आधीच." एकदा टेबलासमोर बसलेले एक आजोबा हे ऐकून उठून उभे राहिले आणि टोपी काढली.

दुसरीकडे असलं तर आपण कशाला बांधायचं, आणि कुठेच नसलं तर आपल्यालाच बांधावं लागणार. कड, कोपरा, फोन. या तिन्हींतून जे पार पडेल ते बांधणीला.

इथपर्यंत सगळं मजेत चाललं होतं. मग आमचा रस्ता रुंद झाला.

आमचं गाव वाढतंय, हे लहानपणापासून ऐकतेय. ते नेमकं वाचनालयाच्या अंगावर वाढेल, असं वाटलं नव्हतं. पुढची अर्धी इमारत रस्त्यात जाणार, असं ठरलं. वाचनालयाला मागच्या समाजमंदिराच्या वरची खोली मिळाली, आत्ताच्या निम्मीसुद्धा नाही. समितीनं ठरवलं की जे बांधलेलं, धड आहे ते वर जाईल. सुटं, फाटकं सगळं रद्दीत. आता फाटकं धड करणारा माणूस गावात एकच उरलाय, शहागंजातले यासीनभाई. त्यांनी फोनवरच सांगितलं. त्यांचा आवाज म्हणजे जुन्या दाराची कडी. "बाई, बरसात के पहले एक बोरा. बस एक. नळ आठ दिन को आता. पानी पियूँ के लेई पकाऊँ?" लेई म्हणजे पुस्तकाच्या पाठीला लावायची मैद्याची खळ.

म्हणजे एक पोतं. एवढ्या वर्षांच्या मळक्या पुस्तकांतून एक पोतंभर वाचणार.

पोतं भरताना बाईंनी कुणाची गय केली नाही. स्वतःच्या आवडीच्या दोन कादंबऱ्या कड पांढरी म्हणून काढून टाकल्या. "मी एकटीच वाचत बसले की काय इतकी वर्षं?" असं पुटपुटल्या. आणि मग पोत्याच्या तोंडाशी त्यांनी एक पुस्तक ठेवलं, काढलं, परत ठेवलं, परत काढून टेबलावर ठेवलं. असं करताना मी बाईंना कधी बघितलं नव्हतं. म्हणून मी प्लायवूडच्या पलीकडे, बाईंच्या टेबलापाशी आले.

पुस्तकाचं नाव 'आडातला पाहुणा'. रहस्यकथा. लेखक कोण ते कळत नाही, कारण नावाचं पान गळालंय. छपाई इथलीच, सुमार. कड मात्र इतकी काळी की बुटाला पॉलिश केल्यासारखी. आणि समास, म्हणजे पानाच्या कडेची कोरी जागा, कोरी नव्हतीच. जिथं तिथं लोकांनी लिहून ठेवलेलं.

पहिल्याच पानावर पेनानं: "खून खानसाम्याने केला." खाली पेन्सिलीनं: "आभारी आहे. परत करतो." त्याखाली तिसऱ्याच अक्षरात: "मी तरी वाचणार." आणि पार शेवटच्या पानावर: "खानसामा नव्हताच! वरच्याने फसवले. पण त्या रागात वाचून झाले."

मी टेबलावर बसूनच वाचायला लागले आणि प्रत्येकाला आवाज देत गेले. हे पुस्तक शहाऐंशी-सत्त्याऐंशीच्या दुष्काळात टँकरच्या रांगेत फिरलं होतं. तेव्हा आपल्याकडं नवी घरं भराभरा उठत होती. इथंच गारखेड्यात भिंतींना पाणी मारायला टँकर यायचा आणि त्यातलंच पाणी घेण्यासाठी बांधकामावरची माणसं हंडे लावून बसायची. वाचनालय तेव्हा पत्र्याच्या खोलीत होतं, रांगेच्या अगदी समोर. रांगेत बसलेला कुणीही आत जाऊन काहीतरी वाचायला घेई, नंबर आला की मागच्याच्या हातात देई. म्हणून समासात असं: "टँकर आला. इथवर वाचले." "नंबर गेला, पण प्रकरण भारी." आणि एका पानावर घाईघाईत: "हे वाचताना मागच्या बाईने हंडा पुढे सरकवला. सर्वांनी लक्ष ठेवणे."

"आता हे बघ," बाई म्हणाल्या आणि शेवटाकडचं एक पान काढलं. तिथं इन्स्पेक्टर खुनी ओळखतो आणि प्रकरण संपतं. शेजारी, पानाच्या अगदी काठाशी, वाकडंतिकडं, मोठ्ठं एकच नाव: बिरू.

त्याखाली लोकांनी सुरू केलेलं. "हा बिरू कोण?" "खुनी." "संपूर्ण पुस्तकात बिरू नावाचा माणूस नाही." "म्हणूनच तर पकडला गेला नाही." "बिरूला फाशी झालीच पाहिजे."

मी हसून हसून टेबलावरून उतरले. बाईसुद्धा हसल्या. मग म्हणाल्या, "माझा बाप."

बाईंच्या घरच्यांनी त्या दुष्काळात मेंढरं विकली आणि ते पडेगावात येऊन राहिले. आई, वच्छलाबाई, इथं गारखेड्यात भिंतींना पाणी मारायच्या कामाला, बाप विटा वाहायला. बाई तेव्हा शाळकरी. त्या हंड्यांची राखण करत पुस्तक वाचायच्या. बाप शेजारी बसून बघायचा. त्याला अक्षर येत नव्हतं. एक दिवस पोरीनं त्याला त्याचं नाव शिकवलं. पाटी नव्हती. कोरी जागा म्हणाल तर हातात होती तेवढीच. त्यानं पार काठाशी लिहिलं, कारण छापलेल्याला धक्का लागेल म्हणून तो भ्याला होता. लिहून झाल्यावर पुस्तक लांब धरून बघितलं आणि म्हणाला, "पुरे."

"नंतर कदी लिहिलंच नाय," बाई म्हणाल्या. "मुकादमाच्या हजेरीला अंगठाच द्यायचा. म्या म्हणायचे, दादा, नाव येतं की आता. तर म्हणायचा, एकदा लिहिलंय की. रोज रोज काय लिहायचं?"

दादा जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या हातचं जगात एवढंच आहे, खुनाच्या आरोपासकट.

मी म्हटलं, "मग टाका की पोत्यात. तुम्हाला कोण विचारणार?"

बाईंनी चष्मा लावला. "घरचे म्हणून एकही पुस्तक बांधायचे नाही, असा नियम मीच केलेला आहे. समितीपुढे ठेवणार."

समितीचे अध्यक्ष म्हणजे मुकुंदराव देवगावकर. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते, भला माणूस, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावणारा. कुठलंही वाक्य ते "तत्त्वतः" शब्दानं सुरू करतात, आणि दुष्काळात तर त्यांना सगळे पाण्याबद्दलच विचारतात. "तत्त्वतः धरणात पाणी आहे. फक्त ते आपल्यापर्यंत येत नाही." देवगावकर सरांची नक्कल फार सोपी आहे. हनुवटी आत घ्यायची आणि न घाबरता थांबायचं.

सभा झाली त्या दिवशी मी प्लायवूडला कान लावून होते. आणखी दोन सभासद होते. त्यातले एक डुलकीत, दुसरे प्रत्येकाला "बरोबर" म्हणत होते.

"तत्त्वतः..." सर थांबले. "हे पुस्तक विद्रूप केलेलं आहे. पुस्तकावर लिहू नये, अशी पाटी आपल्याच भिंतीवर आहे."

"बरोबर," सभासद म्हणाले.

"हो सर," बाई म्हणाल्या. "आणि आधीच सांगते, त्यात माझ्या वडिलांचं नाव आहे. मागून म्हणाल, बाईंनी लपवलं."

"म्हणजे घरचं झालं."

"घरचंच आहे. नाव सोडून द्या आणि कड बघा. कोपरा दुमडून बघा, तुटत नाही. फोन करून झालेत, गावात दुसरी प्रत नाही."

"बरोबर," सभासद म्हणाले.

सर घसा साफ करून म्हणाले, "कशाला ठेवायचं, कशाला काढायचं, याची तुम्हा लोकांना तत्त्वतः परंपराच असेल. दुष्काळात कळपातलं कोणतं राखायचं, वगैरे. तुमच्या वडिलांचा काय निकष असे?"

"निकष?" चष्मा काढल्याचा आवाज मला पलीकडेसुद्धा आला. "सर, जी हाती लागली ती विकली. चांगली होती ती लांब पळाली, म्हणून वाचली."

डुलकीतले सभासद हसून जागे झाले. सरही हसले असावेत. मग सर म्हणाले, "असं असेल तर आमच्या काकांच्या प्रवचनांचे खंडही पोत्यात घ्या. तेही दुसरीकडे नाहीत."

"कड बघू या, सर."

बाईंनी एक खंड आणून सरांच्याच हातात दिला. सर स्वतः उठून खिडकीपाशी गेले. मी फटीतून बघत होते. त्यांनी खंड उजेडात धरला, फिरवला, दुसऱ्या बाजूनं धरला. पांढरीशुभ्र कड. पानांची टोकं अजून एकमेकांना जोडलेली, छापखान्यातून आली तशीच. कुणी सुरीनं सोडवलीच नव्हती.

"सर, याला बांधणीची गरजच नाही," बाई अगदी हळू म्हणाल्या. "उघडलंच नाही तर फाटणार कशानं?"

सर परत येऊन बसले. माझं हसू मी हाताच्या पंजात कोंबलं, पण सरांचा चेहरा बघून ते तिथंच राहिलं. त्यांना काका आठवत असावेत.

"ठीक आहे," ते म्हणाले. "काकांचे खंड मी घरी नेतो. ते पुस्तक बांधा. पण उद्या प्रत्येक पोरगं पेन घेऊन बसेल, बाई. त्यांना काय सांगायचं आपण? नवीन लिहू नका, जुनं लिहिलेलं मात्र आम्ही जपून ठेवलंय? तेव्हा बांधताना कडा कापून साफ करून घ्या. लिहिलेलं जितकं जाईल तितकं जाऊ दे. तसा ठराव लिहा."

"बरोबर."

बांधणीत तसंही कडा कापतातच. शिवून झालं की बाइंडर तिन्ही बाजू सुरीखाली घेतो, म्हणजे पुस्तक एकसारखं दिसतं. पण बिरू काठाशी होता. बोटाच्या नखाएवढी कड गेली तरी तो जाणार.

"ठीक आहे, सर," बाई म्हणाल्या. "कडा कापून घेते."

ठराव लिहून झाल्यावर त्यांना पेनाचं टोपण बसवता येईना. सर गेल्यावरसुद्धा त्या टोपणाशी झटापट करत होत्या.

दोन दिवसांनी पोतं घेऊन आम्ही शहागंजात गेलो. स्कूटीवर पुढे बाई, मागे पोतं, त्याच्या मागे मी, जेमतेम. खणून ठेवलेल्या रस्त्यांतून जाताना पोतं मला ढकलत होतं आणि बाई ओरडत होत्या, "धर! साहित्य पडंल!"

यासीनभाईंचं दुकान म्हणजे घड्याळाच्या मनोऱ्यामागची एक बोळकांडी. आत ते, त्यांची कापायची सुरी आणि छतापर्यंत चढलेले गठ्ठे. "आओ बाई. किताबां लाए के गादी भरने लाए?" एकेक पुस्तक काढून ते पाठीवरून हात फिरवत होते. मग 'आडातला पाहुणा' आला. त्यांनी उघडलं, समासात बघितलं, चष्मा कपाळावर नेला. मराठी ते ओठ हलवत वाचतात. वाचता वाचता ओठ एका बाजूला गेले, म्हणजे हसले.

बाईंनी लगेच चष्मा लावला. "याच्या तिन्ही कडा कापायच्या. समितीचा ठराव आहे."

"काटने का?"

"कापायचं."

यासीनभाईंनी बाईंकडे बघितलं, पुस्तकाकडे बघितलं. "अच्छा," म्हणाले आणि ते वेगळं बाजूला ठेवलं.

मला काहीतरी बोलावंसं वाटत होतं. भाई, नका ना कापू, असं म्हणणार होते. बाईंनी माझ्या दंडाला धरून बाहेर काढलं आणि समोरच्या रसवंतीवर बसवलं. रस आला. मी प्यायले नाही.

"बाई, गेलं ना नाव."

"ऱ्हाईल."

"अहो, तुम्हीच कापायला सांगितलंत!"

"कडा बी कापल्या जातील, अन् नाव बी ऱ्हाईल. अन् सर तपासून सही बी करतील."

"शक्यच नाही," मी म्हटलं. "तीन गोष्टी आहेत. त्यातली एक तरी खोटी ठरणार."

"लावती पैज?"

मी लगेच लावली. मी जिंकले तर बाईंनी वाचनालयाच्या वार्षिक कार्यक्रमात माझ्यासमोर स्वतःचीच नक्कल करायची, माझ्या 'व्हय'सकट. त्या जिंकल्या तर दिवाळीपर्यंत मी त्यांची नक्कल तोंडातून काढायची नाही. पोरं कितीही पाया पडू देत. बाईंनी माझा ग्लास स्वतःकडे ओढला आणि तो रसही पिऊन टाकला. घाम आला होता त्यांना. ऊनही होतं म्हणा.

पावसाला सुरुवात झाली तेव्हा पोतं परत आलं. वाचनालय वर हललेलं, खोलीत अजून चुन्याचा वास. सर खुर्ची ओढून बसले आणि एकेक पुस्तक तपासून पलीकडे ठेवू लागले. 'आडातला पाहुणा' त्यांच्या हातात आला. लाल कापडी पाठ, कोपऱ्यांना कापड. त्यांनी ते मिटलेलंच फिरवून बघितलं. तिन्ही कडा सरळ, साफ. कुठे एक डाग नाही. एवढी वर्षं जमलेला काळा मळ गेला होता. मी बाईंकडे बघितलं. बाई सरांच्या बोटांकडे बघत होत्या.

"वा," सर म्हणाले. "तत्त्वतः नवंच झालं." आणि त्यांनी मधेच उघडलं.

पानातून एक कागदाची पट्टी टपकन बाहेर आली. मग दुसऱ्या पानातून दुसरी. सर दचकले. त्या पट्ट्या सुट्या नव्हत्या, पानालाच लागलेल्या होत्या. जिथं जिथं कुणी लिहिलेलं होतं, तेवढी कड यासीनभाईंनी आत दुमडली होती आणि मग सुरी चालवली होती. कोरं तेवढं कापलं गेलं, लिहिलेलं आत सुखरूप. दुमड उलगडली की ते पान बाकीच्यांपेक्षा लांब. पुस्तक मिटलेलं असताना साधंसरळ, उघडलं की पानोपानी जीभ काढून दाखवतंय.

सरांनी शेवटाकडची एक घडी उलगडली. "'हा बिरू कोण?'" त्यांनी मोठ्यानं वाचलं. "'खुनी.'" मग पुस्तक जवळ घेतलं आणि मनात वाचत राहिले. त्यांची हनुवटी आत गेलेली होती आणि खांदे हलत होते. 'फाशी झालीच पाहिजे'पाशी त्यांना खोकला आला. बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

"बाई, ठराव काय होता?"

"कडा कापून घ्याव्यात, सर."

सरांनी पुस्तक मिटलं. कडेवरून अंगठा फिरवला. परत उघडलं, बिरूचं पान काढलं, परत मिटलं. "तत्त्वतः," ते म्हणाले आणि या वेळी फारच वेळ थांबले. "कापलेल्या आहेत." आणि सही केली.

सर जिना उतरले तशी मी बाईंवर धावून गेले. "तुम्हाला माहीत होतं!"

"यासीनभाईंच्या घरात हाताचं लिहिलेलं कापत नाहीत," बाई म्हणाल्या. "बापापासूनची रीत. मागं एका पाककृतीच्या पुस्तकात कुण्या बाईनं कडेला लिहिलेलं, मीठ अर्धंच घाला. म्या म्हटलं कापा, तर म्हणाले, हाथ का लिखा है, छुरी नै चलती."

"म्हणजे ही पैज नव्हतीच! फसवणूक होती!"

"माणूस म्हातारा झालाय, चारुते. यंदा इसरला असता तर?" बाईंनी पुस्तक कपाटात ठेवलं, मग परत काढून दुसऱ्या खणात, डोळ्यांसमोर येईल असं ठेवलं. "म्या काय सुखानं बसले व्हते व्हय तिथं रस पीत?"

हे वाक्य इतकं सुंदर होतं, त्यातला तो 'व्हय' इतका नेमका आखूड होता, की माझी जीभ आपोआप वळली. बाईंनी बोट वर केलं.

"दिवाळी," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी अभ्यासिकेतल्या सगळ्यांनी मला घेरलं. यासीनभाई झाले, साहेबराव झाले, समोरच्या काकू झाल्या. मग कुणीतरी म्हणालं, आता बाई कर. मी गप्प. तेवढ्यात सर वर आले, त्यांना ते पुस्तक घरी वाचायला न्यायचं होतं. पोरांचा घोळका बघून तेही थांबले आणि जरा लाजत म्हणाले, "मी ऐकलंय, तू बाईंचं छान करतेस. होऊ दे की."

बाई काउंटरवर शिक्का मारत होत्या. मान वर केली नाही, हात मात्र थांबला.

मी हनुवटी आत घेतली, वरची गुंडी लावल्यासारखं केलं आणि पुरेसं थांबले. सरांच्या नकलेवर बंदी नव्हती.

"तत्त्वतः," मी म्हटलं, "मी हरलेली आहे."